माझ्या साडूंना सगळं सापडतं

देवाने या जगात जे जे लपवून ठेवलं आहे ते माझ्या साडूंना सापडावं म्हणूनच, असं माझं पक्कं मत आहे. दिवाळीच्या कार्यक्रमाला आम्ही पार्किंगसाठी हॉलला प्रदक्षिणा घालत असतो, तेव्हा ऐन दारासमोरची गाडी निघते आणि हे शांतपणे तिथे शिरतात. इंडियन स्टोअरमधून त्यांनी डोळे मिटून उचललेल्या पेटीत एकही आंबा डागी निघत नाही. मी वास घेऊन, दाबून, मालकाशी हुज्जत घालून आणलेल्या पेटीचा खालचा थर काळा. प्लेनोला, टेक्सासच्या त्या रखरखाटात, त्यांच्या अंगणात अळू असं माजतं की शेजाऱ्यांत वाटून टाकावं लागतं. इथे क्युपर्टिनोत माझा कढीपत्ता लावल्या दिवसापासून जगावं की नाही याचा विचार करतोय. बायको म्हणते, "भाऊजींचा हात चांगला आहे." म्हणजे माझा कसा आहे, ते ती बोलून दाखवत नाही.

मी त्यांच्यावर जळतो. लपवण्यात अर्थ नाही, घरात सगळ्यांना ठाऊक आहे. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, निवृत्त भूलतज्ज्ञ. आयुष्यभर लोकांना झोपवल्यामुळे की काय, बोलतात इतकं हळू की समोरच्याला गप्प बसावंच लागतं.

यंदा माझ्या मुलीचं, सईचं, लग्न ठरलं. सई इथेच जन्मली, इथेच वाढली. तिला अंगठीत दुकानातला हिरा नको होता. ओरेगनच्या वाळवंटात सनस्टोन नावाचे पिवळसर, क्वचित लाल खडे उघड्या जमिनीत मिळतात, कुणीही जाऊन वेचावेत, असं तिने वाचलं होतं. मला म्हणाली, "बाबा, खडा तू शोधायचा. नो चीटिंग." नेटफ्लिक्सचा पासवर्ड सोडला तर या मुलीने माझ्याकडे कित्येक वर्षांत काही मागितलं नव्हतं. मी हातोडा घेतला, चाळणी घेतली, गुडघ्यांना बांधायच्या गाद्या घेतल्या, ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून खडे शोधायचे व्हिडिओ पाहिले. आणि निघायच्या आठवड्यात बायकोने जाहीर केलं की ताई लग्नाच्या खरेदीला येतेय, आम्ही साड्या बघू, भाऊजी घरी बसून काय करतील, त्यांना घेऊन जा ना.

झालं. बापलेकीची ट्रिप गेली उडत. साडूंनी माझ्या डिकीत कुकर, थालीपिठाची भाजणी आणि एक स्टीलची भली मोठी परात ठेवली. गुडघा दुखतो म्हणून पुढची सीट त्यांना मिळाली. माझ्याशी इंग्रजीत बोलणारी माझी मुलगी मागून त्यांच्याशी मोडकंतोडकं मराठी बोलत होती, कारण हे तिच्या चुका काढत नाहीत. "काका, तो नदी कुठे गेली?" असं तिने विचारलं की हे नदी कुठे गेली तेवढंच सांगतात. मी स्टिअरिंग धरून दात खात होतो.

दुसऱ्या दिवशी लाव्हाचा प्रदेश लागला. जिकडे पाहावं तिकडे करपल्यासारखे काळे खडक. मी गाडी थांबवून सईला ज्वालामुखीचे प्रकार, लाव्हाचं तापमान वगैरे समजावायला लागलो. ती फोन बघत होती. साडू उतरले, एका खडकावर हात ठेवून म्हणाले, "अगं, हा तर आपल्या साताऱ्याचा दगड. आपले डोंगरसुद्धा असेच ओतून झालेत. तुझ्या बाबाचं गाव यावरच बसलंय." सईने फोन खिशात टाकला आणि कितीतरी वेळ त्या खडकावर हात फिरवत राहिली. गाव माझं, दगड माझा, आणि सांगितलं यांनी. माझा नुसता तिळपापड झाला.

खड्यांच्या माळावर पोचल्यावर तर कहर झाला. मी उन्हात हातोडा हाणत होतो. साडूंनी छत्री रोवली, घोंगडीवर मांडी घातली, परातीत माती ओढली आणि लहानपणी आईशेजारी बसून तांदूळ निवडायचे तसे निवडायला लागले. तेव्हा खडे काढून फेकायचे, आता खडे ठेवून बाकीचं फेकायचं, एवढाच काय तो फरक. दुपारपर्यंत त्यांची वाटी भरत आली. मलाही एक घबाड लागलं. मी ओरडलो, सई धावत आली, आणि तो बिअरच्या बाटलीचा तुकडा निघाला. साडूंनी तो उजेडात धरला आणि म्हणाले, "काच मात्र उत्तम आहे हो."

रात्री तिथेच तंबू ठोकला. दुसऱ्या सकाळी त्यांना लाल खडा मिळाला, डाळिंबाच्या दाण्यासारखा. त्यांनी तो लगेच सईपुढे धरला. तिने सूर्याकडे धरून पाहिला, मग परत केला. "नको काका. बाबा शोधतोय ना." या वाक्याने मला आनंद व्हायला हवा होता. पण तिच्या डोळ्यांत तो लाल उजेड मी पाहिला होता, आणि माझ्या चाळणीत नुसती धूळ होती. त्याच संध्याकाळी निघायचं होतं.

सई पाणी आणायला गाडीकडे गेली तेव्हा मी फटकन बोललो, "तुमचं बरं आहे, साडूभाऊ. न शोधता सापडतं."

त्यांनी मान वर केली नाही. "मला शोधायला सांगितलंय कुणी? माझ्या दोन्ही पोरांनी अंगठ्या ऑनलाइन घेतल्या. चांगल्या होत्या. मला फोटो पाठवले." मग हात थांबवून, नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाले, "खरं सांगू? तुमचा फार हेवा वाटतो मला."

इतकी वर्षं हा माणूस माझ्याकडे बघून जळत असेल, असं मनातसुद्धा आलं नव्हतं. त्यांनी परात अर्धी माझ्याकडे सरकवली. मी हातोडा ठेवला, शेजारी मांडी घातली आणि निवडू लागलो. कंबर मोडायची वेळ आली तेव्हा एक खडा हाती लागला, हरभऱ्याच्या डाळीएवढा, फिकट, कडेला तडा गेलेला. मी तो सईच्या तळहातावर ठेवला आणि घाईघाईने तडा दाखवला. तिने मूठ मिटली. "हाच," एवढंच म्हणाली, आणि तंबू आवरताना सगळं काम दुसऱ्या हाताने केलं.

निघताना पाहिलं तर साडू आपली वाटी जमिनीवर रिकामी करायला वाकले होते. अहो, हे काय, म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, घरी नेऊन काय करू, कोण मागणार आहे.

"मला द्या ना एक," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या दुखऱ्या गुडघ्यानिशी पुन्हा खाली बसले, वाटी परातीत पालथी केली आणि एकेक खडा उजेडात धरून बघू लागले. लाल वर धरला, पुन्हा खाली ठेवला, दुसरा उचलला. उन्हं उतरायला लागली होती, रस्ता लांबचा होता. सईने उघडलेलं गाडीचं दार हळूच लावून घेतलं आणि आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.