कुंभारमाशीचा चातुर्मास

आण्णाप्पांची राजदूत फटफटी गावात शिरायच्या आधी तिचा आवाज शिरायचा. डुग्-डुग्-डुग्, फट्! मधला तो ‘फट्’ दुसऱ्या कुठल्याच गाडीला नव्हता. तो ऐकला की आण्णाप्पांची बायको राजमती चहा चढवायची, शेजारची म्हस मान वर करायची आणि धाकटा भाऊ कलगोंडा पळत जाऊन फाटक उघडायचा. फाटक उघडण्यातच त्याची निम्मी तरणी वर्षं गेली.

आता आण्णाप्पांचा उजवा कान बंद आणि डावा त्याच वाटेवर. बेळगावच्या डॉक्टरनं मशीन लावून बघितलं, काढून बघितलं आणि घसा खाकरून सांगितलं, “जे ऐकवायचं ते लवकर ऐकवून घ्या.” राजमतीनं णमोकार मंत्र ऐकवला. कलगोंडाच्या डोक्यात मात्र राजदूतशिवाय दुसरा आवाज आलाच नाही.

राजदूत तंबाखूच्या शेडमध्ये पोत्यांखाली होती. तंबाखू लावायचं सोडल्यापासून तिकडं कुणी फिरकलं नव्हतं. कलगोंडानं पोती ओढली तसा तंबाखूचा जुना खकाणा असा उठला की दोघं भाऊ शिंकून शिंकून वाकले.

“कोण शिंकायलंय रं?” आण्णाप्पांनी शिंकता शिंकताच विचारलं.

“तूच, अण्णा! गाडी चालू करतो बघ!” कलगोंडा डाव्या कानात ओरडला.

“व्हय, पर कान हाय तवर कर.”

संकेश्वरहून भावकू मेस्त्री आला. या भावकूची एक खोड होती. चांगली बातमी तो मराठीत सांगायचा, वाईट कन्नडात. त्यानं प्लग काढला, भोकातनं तेल सोडलं आणि किक दाबली. किक सुळ्ळकन खाली गेली.

“लई भारी हाय की वो! पिस्टन मोकळा हाय. प्लग मी नवा आणतो, सायलेन्सर मातीनं चोंदलाय तेवढा तारेनं खरवडून ठेवा.”

कलगोंडानं आत बॅटरी मारली. माती कसली, कुंभारमाशीचं घर होतं ते. ती बया त्याच्यादेखत तोंडात चिखलाची गोळी घेऊन आत शिरली. चातुर्मास नुकताच बसला होता. जाणूनबुजून जीव मारणार नाही, असं कलगोंडा जैन बस्तीच्या देवळात महाराजांसमोर हात जोडून बोलून आला होता. हातातली तार तशीच खाली आली.

“आत पिल्लं हाईत, वैनी.”

“आत पिल्लं हाईऽत!” राजमतीनं त्याचाच सूर लावला. “आणि भाईर तुमचा भाऊ हाय. त्यांचा कान चातुर्मास बघून थांबणार हाय व्हय, भावजी?”

कलगोंडानं तार खुंटीला अडकवली. तो रोज सकाळी शेडमध्ये जाऊन सायलेन्सरला कान लावायचा. आत काहीतरी गुणगुणायचं, किंवा त्याला तसं वाटायचं. भावकूचा फोन आला की म्हणायचा, “अजून हाईत.”

“भाडं तरी देत्यात का न्हाय?” पलीकडनं भावकू.

प्लगच्या भोकात किडामुंगी पडू नये म्हणून कलगोंडानं चिंधी कोंबून ठेवली होती. वरचा पत्रा नेमका तिथंच गळत होता. पावसाळाभर चिंधी पाणी पीत राहिली आणि आत सोडत राहिली.

दिवाळीत पोरांनी दारात माळा लावल्या. राजमतीनं दोन्ही कानांवर हात ठेवले. शेजारी बसलेल्या आण्णाप्पांनी शांतपणे चिवडा चावत विचारलं, “औंदा पोरांनी फटाकं आणलं न्हाईत व्हय?”

राजमतीनं कानांवरचे हात खाली घेतले. 

चातुर्मास सुटला आणि भावकू आला. तारेनं खसाखसा माती काढली. वाळून कडक झालेली घरकुलं, प्रत्येकाला एकेक भोक. “सगळी रिकामी हाईत की वो! श्रावणातच उडून गेल्या असतील ह्या.” मग त्यानं चिंधी ओढली. ती गंजानं लाल झाली होती. किक दाबली, हलली नाही. वर चढून उभा राहिला, नाचला, तरी नाही. खाली उतरून हात पुसत तो म्हणाला, “आगंगिल्ल री.”

कन्नड ऐकल्यावर कलगोंडानं पुढचं विचारलंच नाही.

तरी गंज सुटावा म्हणून तो रोज दुपारी प्लगच्या भोकातनं डिझेल ओतायचा आणि किकवर पाय द्यायचा. आण्णाप्पा स्टुलावर बसून टाकीवर हात ठेवायचे. ऐकू नाही आलं तरी हाताला तर कळेल, एवढीच आशा उरली होती.

एका दुपारी रस्त्यावरनं उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत गेला. पत्रे खडखडले, जमीन हादरली आणि आण्णाप्पांच्या तळव्याखालची टाकी थरथरायला लागली. आण्णाप्पांच्या भुवया वर गेल्या. कलगोंडाचा पाय किकवरच होता. ‘चालू झाली?’ असं अण्णानं विचारलं तर नुसती मान हलवायची, त्यानं ठरवलं. खोटं होईल. पण चातुर्मास सुटलाय.

आण्णाप्पा बोटानं टाकीवर ठेका धरून कशाची तरी वाट बघत राहिले. थरथर विरली. त्यांनी हात काढून धोतराला पुसला.

“ट्रॅक्टर गेला,” बहिरी माणसं बोलतात तसं ते मोठ्यानं म्हणाले. “आपलीत मधी फट् असतंय.”

कलगोंडाला राहवलं नाही. किक सोडून तो खाली वाकला, त्यांच्या डाव्या कानाला तोंड लावलं आणि होता नव्हता तेवढा श्वास घेऊन ओरडला, “डुग्-डुग्-डुग्, फट्!” पलीकडच्या गोठ्यातली म्हस हंबरली. राजमती चहाचं पातेलं हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली.

आण्णाप्पांनी कान पुसला.

“थुका का उडवायलास रं?”