हिरवं काहून हाये?

टेस्ट लाल झाली की ती का झाली, असं सगळेच विचारतात. आमच्या ऑफिसातल्या बाई उलटं विचारायच्या. पडद्यावर सगळं हिरवं दिसलं, आम्ही खुर्च्या सरकवून चहाला उठलो, की मागून आवाज यायचा, “हिरवं काहून हाये?”

अशी माणसं तुमच्याही वाट्याला आली असतील. आपलं काम संपलं की त्यांचं सुरू होतं. मला त्या आवडत नव्हत्या. हे मी त्यांच्या माघारी बोलतोय असं नाही. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांनाही मी आवडत नव्हतो.

अमरावतीत राजापेठेजवळ एका औषधाच्या दुकानावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस. आम्ही वेबसाइट बनवायचो, बाई टेस्टवर नजर ठेवायच्या. टेस्ट म्हणजे तपासणारा छोटा प्रोग्राम. तो वेबसाइटचा एकेक पत्ता उघडतो आणि सर्व्हर काय उत्तर देतो ते पाहतो. पान सापडलं तर उत्तरासोबत दोनशे हा आकडा येतो, तसा पत्ताच नसेल तर चारशे चार. हवा तो आकडा आला की टेस्ट हिरवी, नाही तर लाल. एवढंसं काम, पण बाईंनी त्यापायी आमच्या जिवाला घोर लावला होता.

बाई पन्नाशीच्या. रोज अकोल्याहून एसटीने येत आणि साडेपाचच्या गाडीने परत जात. पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि खुर्चीवर टाकायची स्वतःची उशी. ऑफिसची खुर्ची त्यांना चालत नसे. ऑफिसची माणसंही फारशी चालत नसत.

“आधी मोडून दाखव,” हे त्यांचं दुसरं वाक्य. चांगला चालणारा कोड त्या मुद्दाम मोडायच्या, एखादं पानच काढून टाकायच्या आणि टेस्ट लाल होते का पाहायच्या. नाही झाली तर “खोटारडी हाये ही” म्हणून ती टेस्ट पुसायच्या. माझ्या दोन दिवसांच्या टेस्ट त्यांनी एका दुपारी अशा पुसल्या, सगळ्यांसमोर. वर विचारलं, “राग आला काय?”

“नाही बाई.”

“मंग तू बी खोटारडाच हायेस.”

जेवताना एकदा मी शेंगदाण्याची चटणी पुढे केली, तर म्हणाल्या, “तू खाऊन पाह्यली काय आधी?” त्यानंतर मी वेगळा जेवायला लागलो.

मग फुलबाजाराचं काम आलं. दसऱ्याला झेंडू घेऊन येणाऱ्यांनी मोबाइलवरून आधीच जागा धरायची. नाव नोंदवलं की मेसेज येणार, त्यातली लिंक उघडून ‘नक्की’ हे बटण दाबायचं, तेव्हाच गेटवरच्या यादीत नाव चढणार. आमच्या साहेबांना ऐनवेळी वेबसाइटचे पत्ते छोटे हवेसे वाटले. मी बदलले. पण जुने पत्ते असलेले मेसेज लोकांच्या फोनवर कधीच पोचले होते, त्यामुळे जुन्या पत्त्याची टेस्ट लाल झाली. नीट करायला वेळ लागला असता. मी एक ओळ टाकली: जो पत्ता सापडणार नाही त्याला वेबसाइटचं पहिलं पान दाखव आणि दोनशे सांग. झालं, सगळं हिरवं.

बाई पिशवी भरत होत्या.

“हिरवं काहून हाये?”

“दुरुस्त केलं.”

“मोडून पाह्यलं?”

मला त्या क्षणी त्यांचा मनापासून वीट आला होता. “मोडून पाह्यलं,” मी म्हणालो.

एरवी त्या मला बाजूला सारून स्वतः बसल्या असत्या. त्या दिवशी नुसतं माझ्याकडे पाहिलं, “शिकला म्हणायचा एकदाचा,” म्हणाल्या आणि गाडीसाठी निघून गेल्या. दोन वर्षांत त्यांनी माझं केलेलं कौतुक ते एवढंच.

दसऱ्यानंतर वलगावची एक मावशी फोन हातात धरून आमचा जिना चढली. तिनं जुनी लिंक उघडून दाखवली. फुलांचा फोटो आणि खाली ‘आपले स्वागत आहे’. बटण कुठेच नव्हतं. “फोन तं स्वागत करून राह्यला होता,” ती म्हणाली, “अन् गेटवरचा म्हणे तुयं नावच नाई.” तिच्यासारखे बरेच जण गेटवरून परत फिरले होते. तिनं दुपारपर्यंत रस्त्याच्या कडेला बसून पाहिलं आणि उरलेला झेंडू शेवटी गाईंपुढे टाकला.

साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. “हे तपासलं कोणी?”

“मी,” बाई म्हणाल्या. “हिरवं पाह्यलं. मोडून नाई पाह्यलं.”

हे खरंच होतं. मी समोरच्या कॅलेंडरवरच्या सुट्ट्या वाचत राहिलो. साहेबांनी बाईंना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्या वयात त्यांना असं काम परत कोण देणार होतं, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं.

बाई जागेवर बसल्या, दहा मिनिटं काहीतरी टाइप केलं, मग उशी काढून पिशवीत कोंबली. मी जिन्यापर्यंत मागे गेलो.

“बाई, माझं नाव का नाही सांगितलं?”

“मी काहून सांगू? तुले तोंड नाई काय?”

त्या उतरून गेल्या. मी पुन्हा आत आलो, आणि तोंड उघडलं नाही.

ती खोटी ओळ मी त्याच दिवशी काढून टाकली. तेव्हा बाईंची शेवटची टेस्ट दिसली. जो पत्ता वेबसाइटवर नाहीच, तो मागितला तर सर्व्हरने चारशे चार म्हणावं, अशी. माझी ओळ होती तोवर ती लालच होती. न सापडणाऱ्या पत्त्याच्या जागी कोणीही काहीही लिहितं. बाईंनी लिहिलं होतं: ‘मोडून-पाह्यलं’.

मला त्या अजूनही आवडत नाहीत. त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर दोन शिव्या खाऊन मी मोकळा झालो असतो, आणि तेवढंही त्यांनी मला मिळू दिलं नाही. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. साहेब तर रोज समोरच बसतात. त्या पत्त्याच्या जागी दुसरा शब्द टाकला तरी कोणाच्या लक्षात येणार नाही, पण माझा हात होत नाही.

रोज सकाळी काम सुरू करताना सगळ्या टेस्ट चालतात. ‘मोडून-पाह्यलं’ मागितलं जातं, सर्व्हर सांगतो की असं काही नाही, आणि टेस्ट हिरवी होते. ती हिरवी का आहे, हे ऑफिसात फक्त मला माहीत आहे.