विहीर भरेपर्यंतचं गाणं

तारापूरच्या बांधकामावर आलेला एक परदेशी फोरमन मायदेशी परतताना आपली गिटार माझ्या गळ्यात अडकवून गेला. त्याआधी चिंचणीच्या किनाऱ्यावर बसून त्याने मला ब्लूज शिकवले होते. त्याच्या देशातल्या काळ्या मजुरांची गाणी. एकच ओळ दोनदा म्हणायची आणि तिसरीत मालकाला हाणायचं. म्हटलं, हे तर आमच्या मजूर संघटनेचं पत्रकच, फक्त तालात.

तेव्हा बोईसरजवळच्या एका वारली पाड्याची विहीर कंत्राटदाराने तारेच्या कुंपणात घेतली होती, सिमेंट कालवायला. बाया ओढ्याची वाळू उकरून पाणी भरत होत्या. मी चिडून पत्रकं छापली. पाड्यावर त्या पत्रकांवर चुली पेटल्या, छान पेटल्या. मग सभा लावली.

टेबलावर उभा राहून मी विहिरीवरचं गाणं सुरू केलं. लोक बसलेच नाहीत. एकमेकांच्या कमरेत हात घालून माझ्याभोवती उभे राहिले आणि नुसते थांबले. कडव्यामागून कडवं, कोणी हलेना. वाटलं, आपण आपटलो. शेवटी एक म्हातारी म्हणाली,

"पाय बांधलेत काय रं तुजे? वाजवणारा चालला नाय तं आमी नाचू कसं?"

वारल्यांच्या नाचात तारपा, म्हणजे भोपळ्याचं ते लांब फुंकवाद्य, वाजवणारा जाईल तिकडे नाचणारे जातात, त्याला पाठ दाखवत नाहीत. मी टेबलावरून उतरलो. पाऊल टाकलं, अख्खी साखळी हलली. वळलो, साखळी वळली. मला तर चेवच चढला! भाषण खिशात कोंबलं आणि सरळ विहिरीची वाट धरली.

फाटकावरचा पहारेकरी हिंदीत म्हणाला, बंद आहे. म्हातारीने त्याला समजावलं, "आमी नाचतोय, बाबा. हा आत जाईल तं आमी काय करणार?"

पहारेकऱ्याला हसू आवरेना. त्याने कुलूप काढलं. "गाना खतम होने तक," त्याने बजावलं.

बस्स. बाया हंड्यांसाठी धावल्या. मी पहिली ओळ म्हटली, पुन्हा म्हटली, पुन्हा तीच म्हटली. तार तुटली, बोटं सोलली, तिसऱ्या ओळीला काही हात लावला नाही. शेवटचा हंडा डोक्यावर चढला तेव्हाच तिसऱ्या ओळीत कंत्राटदाराला हाणलं, आणि पाडा खिदळला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. पहारेकरी किल्ली घेऊन उभाच होता.

"बाजा लाये हो?"

कुंपण निघेपर्यंत मी रोज तिथे वाजवत होतो. गाणारा म्हणून माझी कारकीर्द ती एवढीच.