सावद्याची केळी, दिल्लीचा रस्ता आणि मधे लागणारं गलंगी

जीप विकली त्या दिवशी बायको म्हणाली, "आते काय करशात?" मी म्हटलं, "मोठी गाडी." तिला वाटलं मी चेष्टा करतोय.

जुने वाचक मला ओळखतात. चोपडा-शिरपूर रस्त्यावर चौदा वर्षं काळी-पिवळी जीप चालवली आणि स्टँडवर सीटा भरेपर्यंत मोबाईलवर इथे लिहीत बसलो. मग एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, पोरांकडे मोटारसायकली आल्या आणि स्टँडवर मी लिहायला जास्त आणि चालवायला कमी लागलो. अवजड वाहनाचं लायसन काढलं. धुळ्याच्या एका ट्रकमालकाने, म्हणजे शेठने, सांगितलं, "एक खेप आमच्या नानाबरोबर मार. तो म्हणाला चालेल, तर गाडी तुझी." नाना म्हणजे नरडाण्याकडचे जुने ड्रायव्हर. उभी हयात दिल्ली लाईनवर गेलेली. गुडघे गेले म्हणून आता गाडी सोडणार होते. त्यांच्या एका शब्दावर माझं पुढचं सगळं अवलंबून होतं आणि ते फार बोलणाऱ्यांतले नव्हते.

होळी होऊन गेलेली. सावद्याला सकाळपासून ट्रक भरणं चाललं होतं. एकदा तरी बघावं असं काम आहे. तळाशी केळीच्या पानांचा जाड थर, त्यावर हिरवेगार घड, मग पुन्हा पानं. हमाल घड असा ठेवतात, जसं झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं. वर ताडपत्री, पण मागून वारा खेळता राहिला पाहिजे. नानांनी मला दोनच गोष्टी सांगितल्या. उन्हात गाडी उभी करायची नाही, चालत्या गाडीत माल गार राहतो. आणि ब्रेक पायाने नाही, डोळ्याने मारायचा, म्हणजे लांबूनच बघून गाडी हळू करायची.

बऱ्हाणपूरकडच्या रस्त्याचं काम चालू असल्यामुळे आम्ही फैजपूर, यावल, चोपडा करत शिरपूरला हायवे धरायचं ठरवलं. तुम्ही स्वतःच्या गाडीने येणार असाल तर हा रस्ता दुपारनंतर घ्या. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, उजव्या हाताला सातपुडा सोबतीला. स्पीडब्रेकर मात्र गावागणिक आहेत आणि त्यांतले निम्मे रंग न दिलेले. यावलच्या पुढे एका टपरीवर भजी चांगली मिळतात, वीस रुपयांत प्लेट. नानांनी खाऊ दिली, पण चालत्या गाडीत.

चोपडा गेलं आणि माझा रस्ता लागला. खड्डासुद्धा ओळखीचा. इथल्या वळणावर एका म्हाताऱ्या आबांना मी रोज खाली उतरून हात द्यायचो, पलीकडच्या निंबाखाली शाळेच्या मास्तरीणबाई उभ्या असायच्या, पुढच्या सीटवर बसायला मिळालं नाही तर फुगून बसायच्या. हातेडच्या फाट्यावर चार माणसं उभी दिसली आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी लडखडली. नाना समोर बघत म्हणाले, "कोन उतरस रे भाऊ?"

मी हसलो. ते हसले नाहीत. घोडगावला पुन्हा तेच. चौदा वर्षांची सवय, माणूस दिसलं की पाय चालणारच. खरं सांगायचं तर मला त्या घटकेला जीप आठवत होती, दाटीवाटीने बसलेली माणसं, मागच्या बाजूला लटकलेली पोरं, कुणाच्या तरी मांडीवरची कोंबडी. एवढ्या मोठ्या केबिनमध्ये आम्ही दोघंच, हे मला चैनच पडू देत नव्हतं.

आणि मग गलंगी आलं. रस्त्याच्या कडेला भाजीची पाटी घेऊन आमच्या अक्का उभ्या. वर्षानुवर्षं शिरपूरच्या बाजाराला माझ्याच जीपमधून गेलेल्या. काचेतून त्यांनी माझं तोंड ओळखलं आणि हात वर केला. मी कचकन ब्रेक मारला. जीपला मारायचो तसाच. मागून सगळा माल पुढे सरकल्याचा आवाज केबिनच्या पाठीला आला. तो आवाज मी विसरणार नाही.

नाना गुडघ्यावर हात ठेवत खाली उतरले, मागे जाऊन आले. "पुढला घड दबाई गयात," एवढंच म्हणाले.

तोवर अक्का दाराशी. "एवढी मोठी गाडी लिन्ही का रे भाऊ?"

"मनी नही शे अक्का. मालकनी शे."

"मंग शिरपूरले सोडी दे माले. बठ्ठी भाजी सुकाई जाई."

मी नानांकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "केळीनी गाडी शे अक्का. सवारी लेता येत नही."

अक्का मागे सरकल्या. राग नाही, काही नाही. "बरं, जा. हळू जा," म्हणाल्या आणि पाटी खाली ठेवून पुन्हा रस्त्याकडे बघायला लागल्या. आरशात त्या बराच वेळ दिसत होत्या. मला फार वाईट वाटलं. अनेर नदीचा पूल ओलांडून धुळे जिल्हा लागला तरी माझी नजर आरशातच जात होती.

पुढचा प्रवास थोडक्यात. शिरपूरच्या पुढे हायवे झकास. बिजासनचा घाट चढताना घाई नको, ट्रकच्या मागे शांतपणे राहा. सेंधव्याअलीकडच्या धाब्यावर शेवभाजी आणि भाकरी, दीडशेत पोट भरतं, ठेचा मागून घ्या. इंदूरला पोहे, त्यांच्यावरची शेव आपल्यापेक्षा बारीक. चंबळच्या दऱ्या दिवसाउजेडी बघायला मिळाल्या तर नशीब समजा. दिल्लीच्या मंडीत ताडपत्री निघाली. माल हिरवागार उतरला, पण पुढची रांग काळवंडलेली होती. व्यापाऱ्याने ते घड बाजूला काढले, नानांकडे पाहिलं. नाना ताडपत्रीची घडी घालत राहिले. मला वाटलं, संपलं.

परतीला धुळ्याचा माल होता. वाटेत नाना चहाला थांब म्हणायचे, तेवढंच. बिजासन उतरताना तर चक्क झोपले. माझ्याशी बोलायचीच इच्छा नाही, असं मी धरून चाललो.

धुळ्याला शेठसमोर आम्ही दोघं उभे. शेठने विचारलं, "काय नाना?"

"गाडी द्या याले," नाना म्हणाले. "भरेल गाडी घाटमां अशी उतारी की माले झोप लागी गयी. तीस वरीसमां कोना बाजूले मी झोपनू नही."

मला हसू आवरेना. पण नाना थांबले नव्हते.

"पन सावदानी खेप याले देऊ नका. शिरपूरना माल द्या, सरळ हायवेले लागी जाई. त्या चोपडाना रस्तावर यानी बठ्ठी ओळख शे. मानूस दिसनं का हाऊ थांबी जास."

शेठने माझ्याकडे पाहिलं. नको, तोच रस्ता द्या, मी शिकेन, असं अगदी ओठांवर आलं होतं. नाना जमिनीकडे बघत होते. गलंगीत आरशात मी काय बघत होतो ते त्यांनीही पाहिलं असणार.

"चालेल, शेठ," मी म्हणालो.

धुळ्याहून एसटीने शिरपूर आणि तिथे गाडी बदलून त्याच चोपड्याच्या रस्त्याने घरी आलो. बायकोने दारातच विचारलं, "भेटनी का गाडी?" भेटली म्हटल्यावर तिने कुणाकुणाला फोन केले, संध्याकाळी शिरा केला. मलाही आनंद झालाय, खोटं कशाला सांगू. घाट आवडला, दिल्ली आवडली, नानांसारखा माणूस शेजारी झोपतो याचा अभिमान वाटला. जेवताना ती म्हणाली, "मंग गप का?"

सांगायला तसं काही मोठं नव्हतं. त्या रस्त्यावर कोण कुठे चढणार आणि कुठे उतरणार हे मला कुणाला कधी विचारावं लागलं नाही. आज शिरपूर सुटल्यावर कंडक्टर माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "कुठे जायचंय?" आणि मला गावाचं नाव सांगावं लागलं.