संत्र्याच्या खोडाला कुंकू

गोदामावशी झाडाला पाठ लावून उभी आणि मी हातात कुंचला घेऊन तिच्यासमोर. शेजारचे बागवाले बांधावरून गंमत बघत होते.

साठच्या दशकातली गोष्ट. मी अचलपूरकडे ग्रामसेवक होतो. गावात संत्र्याला डिंक्या लागला होता. म्हणजे खोडाची साल सडते, तिथून डिंक गळतो आणि चांगलं भरलेलं झाड बसल्या जागी वाळतं. उपाय सोपा. सडकी साल खरवडायची आणि मोरचूद-चुन्याची पेस्ट खोडाला फासायची. पण कुणी झाडाला हात लावू देईना. मावशीची बाग सगळ्यांत आजारी, म्हणून डेमॉन्स्ट्रेशनला तीच धरली. नवरा गेल्यावर ही बाग तिनं एकटीनं वाढवली होती. ती गेली तर तिच्याजवळ काहीच उरत नव्हतं.

आदल्या दिवशी मावशी हो म्हणाली होती. पण पहिल्या खोडावरची पेस्ट वाळून पांढुरकी दिसायला लागली आणि बाई बिथरली.

"माह्यं कपाळ पांढरं झालं थे पुरे हाये, भाऊ. माह्या झाडायचं नोका करू."

माझं डोकं लवकर तापतं. ही पेस्ट ताजीच वापरावी लागते आणि इथे बादली भरून तयार. मी करवादलो, "मंग कुंकू लावा त्याले!"

मावशीनं लगेच सुनेला करंडा आणायला सांगितलं. सून बोट बुडवणार तोच मी तिला थांबवलं.

"झाडं वाढवली कोनं? तुमीच लावा, मावशी."

विधवा बाईनं कुंकवाला हात लावायचा? बांधावरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मावशीनं करंड्यात बोट बुडवलं. तिनं खोडावर टिळा लावला. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू? मग पदरानं तोंड पुसत ती बाजूला झाली आणि बाकीची झाडं रंगवा म्हणाली.

पुढच्या बहारापर्यंत डिंक थांबला, नवी पालवी फुटली. पेस्टचा दुसरा हात आणि खोडांवर ताजे टिळे झाले, तेव्हा आमचे साहेब जीपनं बघायला आले.

"हे रेड कसलं? आपल्या रेकमेंडेशनमध्ये नाही."

"मार्किंग आहे साहेब. ट्रीटमेंट झालेलं झाड ओळखू येतं."

"गुड. सगळीकडे करा."

सांगायची गरजच नव्हती. गावातले बागवाले आधीच कुंचले घेऊन तयार होते. फक्त पहिला टिळा मावशीनंच लावायचा, असा त्यांचा हट्ट. जिला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोणी बोलवत नव्हतं, तिला आता बागेबागेतून बोलावणं येऊ लागलं.

पुढे बदली होईल तिथे माझ्या सामानात मोरचूद, चुना आणि कुंकवाची एक पुडी असायची. पुडीचा खर्च ऑफिसनं कधी मंजूर केला नाही.