बसता न येणारा ओटा

आई बसलेली असतानाच गार्डानं पाणी ओतलं. बादलीभर. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

धंतोलीतलं एक खासगी हॉस्पिटल. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला होता. आमच्या गावाहून, पारशिवनीहून त्यांना आणलं आणि आयसीयूत टाकलं. आत नातेवाइकांना थांबू देत नव्हते. बाहेर थांबा म्हणाले. बाहेर म्हणजे कुठं, ते कोणी सांगितलं नाही. हॉस्पिटलच्या दर्शनी भिंतीला खालून हातभर रुंद, पुढे आलेला दगडी पट्टा होता. तो शोभेचा होता, पण अर्ध्या विदर्भातून आलेली माणसं त्यालाच ओटा समजून बसायची. कोणाच्या मांडीवर डबा, कोणाच्या हातात एक्सरेचं पाकीट.

"उठा बाई, उठा. इथं बसाचं नाही," गार्ड म्हणाला.

"मंग कुठं बसू बाप्पा?" आईनं विचारलं.

"मले काहून विचारता? सायबाले विचारा. मले रोज पानी टाकाले सांगतलं हाय."

आईची साडी मागून भिजली. भाकरीचं फडकं भिजलं. मी तेव्हा आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला होते. मोठ्या शहरात शिकणारी पोरगी. भांडलो तर आत बाबांकडे कोणी बघणार नाही, ही भीती. त्या भीतीनं माझी जीभ धरून ठेवली.

"राहू दे वं," आई म्हणाली. "उनात सुकून जाते."

ती संध्याकाळपर्यंत उभी राहिली. तिला बघून बाकीच्या बायाही उभ्याच राहिल्या.

कॉलेजात त्याच महिन्यात आम्हाला फॉर्म शिकवत होते. इमारतीचा आकार कसा बांधायचा. अक्ष कुठून जातो. भरीव किती, पोकळ किती. खिडक्यांची लय कशी धरायची. मला हे सगळं फार आवडायचं, अजूनही आवडतं. कागदावर एक रेष सरकवली की सगळी इमारत श्वास घेते, याचं मला वेड होतं. पण आकार माणसाला उठवूही शकतो, हे कोणत्याच तासाला सांगितलं नाही. पाणी गार्डानं टाकलं, म्हणून मी गार्डावर चिडून होते. बिचारा गार्ड.

पास झाले. धरमपेठेत एका नावाजलेल्या आर्किटेक्टकडे नोकरी लागली. सर हुशार, हे मी नाकारणार नाही. त्यांच्या हातात पेन्सिल असली की बघत राहावं. मी नंदनवनात खोली घेतली. आईनं विहारात खीर वाटली.

एक दिवस सरांनी माझ्या टेबलावर फोटो टाकले. तीच भिंत. तोच पट्टा. हॉस्पिटलला नवा दर्शनी भाग हवा होता. आणि फोटोत माणसं बसलेली होती, डबे घेऊन.

सरांनी फोटोवरच पेन्सिलनं आडवी रेष ओढली. "ही बघ. सगळा फॉर्म या रेषेवर उभा आहे. माणसं बसली की ही रेषा तुटते. खालच्या पट्ट्याला उतार दे. पॉलिश केलेला ग्रॅनाईट लाव. कोणी टेकताच कामा नये."

मी फोटो हातात घेतला. बादलीचं काम आता दगडाकडून करून घ्यायचं होतं. रोज पाणी टाकायला नको, गार्ड नको, शिवी नको. एकदा बांधलं की झालं. आणि ते मी काढायचं होतं.

आमच्या गावात विहाराला ओटा आहे. माझा सगळा अभ्यास त्या ओट्यावर झाला. तिथं कोण बसलं, काहून बसलं, हे कधी कोणी विचारलं नाही. सून रुसली की तिथं बसते. पाहुणा आला की आधी तिथं टेकतो. माझ्यासाठी इमारतीची सुरुवात तिथून होते. मी काढलेल्या इमारतीतून ते कसं वगळणार?

मी सरांचाच नियम धरला. रेष तुटू नये ना? नाही तुटणार. खालची भिंत थोडी आत घेतली. आत सपाट, बसण्याजोगा ओटा. बसलेला माणूस भिंतीच्या सावलीत जातो, गुडघेही बाहेर येत नाहीत. आणि वरची रेष त्याच्या डोक्यावरून सरळ निघून जाते. कुठं तुटत नाही. आजवर इतकं चांगलं मी काही काढलं नव्हतं. सर पुण्याला होते, म्हणून आधी दाखवता आलं नाही. ते थेट मीटिंगला आले, सोबत हॉस्पिटलचे मालक डॉक्टर. मी मोठ्या स्क्रीनवर चित्र लावलं.

डॉक्टर पुढे वाकून बघू लागले. "सुंदर आहे. पण मग लोक बसतील ना?"

सगळे हसले.

"बसायलाच केलंय सर. रेष कुठं तुटत नाही," मी म्हणाले.

सरांचा चेहरा बदलला. मग तेही हसले, डॉक्टरांकडे बघून. "ही पारशिवनीकडची आहे. त्यांच्याकडे घर कमी आणि ओटा जास्त." पुन्हा हशा. "कोट्यातून येतात, सॉफ्टवेअर शिकतात. पण सौंदर्यदृष्टी घरातूनच यावी लागते. ती कॉलेज देत नाही."

माझे कान तापले. माझं घर. चार माणसांसमोर, माझंच चित्र समोर असताना माझं घर काढलं. ज्या नियमावर ते मला तपासत होते तो मी पाळला होता, आणि आता नियम बाजूला पडला होता. रेष कधी मुद्दा नव्हतीच.

"चल," सर म्हणाले. "उतार दे. आत्ताच, साहेबांसमोर."

माऊस माझ्या हातात होता.

"सर, माझी आई या ओट्यावर बसली होती. तिला पाणी टाकून उठवलं."

डॉक्टर फोनमध्ये बघू लागले. सर म्हणाले, "वाईट वाटलं. पण काम पूर्ण कर."

"मी नाही काढणार."

एवढं म्हणाले आणि खुर्चीतून उठले. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसाला नाही म्हटलं होतं. दारापर्यंतही पोचले नव्हते, तर शेजारच्या टेबलावरचा मुलगा माझ्या खुर्चीत बसला. त्यानं भिंत पुढे घेतली, पट्टा तिरका केला. चहा येईपर्यंत झालंही. मागून डॉक्टरांचा आवाज आला, "हां, परफेक्ट."

दुसऱ्या दिवसापासून मला काम दिलं नाही. मी नोकरी सोडली. आता नंदनवनातच एका छोट्या ऑफिसात घरांचे मंजुरीचे नकाशे काढते. मी विचार करायचे, आपण नाही म्हटलं. ताठ मानेनं बाहेर आलो. या विचारावर बरेच महिने काढले.

मग मागच्या महिन्यात बाबांना तपासायला पुन्हा धंतोलीत नेलं. तेच हॉस्पिटल, कारण बाबांचे डॉक्टर तिथंच. नवी भिंत चकचकत होती. रेष सुंदर होती, आडवी, अखंड. लोक समोर फुटपाथवर, नालीच्या झाकणावर पेपर टाकून बसले होते. आईचे गुडघे आता दुखतात. ती सवयीनं भिंतीकडे गेली, ग्रॅनाईटवर टेकली आणि घसरली. मी धरलं. ती पुन्हा टेकली, पाय रोवून. पुन्हा घसरली. दगडावर हात फिरवून तिनं माझ्याकडे बघितलं.

"कोनं बनवला वं असा?"

मी नाही, हे म्हणायची लाज वाटली. मी नाही काढला, पण आई उभीच होती. माझ्या नाही म्हणण्यानं त्या दगडाचा एक दाणाही हलला नव्हता. मी आईला नालीच्या झाकणावर बसवलं. माझी ओढणी खाली अंथरली. दुसरं काही करता आलं नाही.

तिथं तिच्याजवळ उभी असताना मला ती मीटिंग पुन्हा दिसली. गार्ड म्हणाला उठा, आई उठली. सरांनी माझं घर काढलं, मी उठले. मला वाटलं मी नकार दिला. त्यांना फक्त खुर्ची रिकामी मिळाली.

मी पुन्हा मोठ्या ऑफिसांत अर्ज टाकायला सुरुवात केली आहे. तीच कामं, तसेच साहेब, तसंच हसू, मला ठाऊक आहे. कोणी पुन्हा म्हणेल, उतार दे. मी नाही म्हणेन. आणि खुर्ची सोडणार नाही. माऊस सोडणार नाही. स्क्रीनवर माझा सपाट ओटा तसाच राहील, आणि त्याच्यासमोर मी बसून राहीन. ज्याला उतार हवा त्यानं आधी मला हात धरून उठवावं, सगळ्यांच्या देखत.