आवाज न करता पडलेला गोळा

चॅट्सवर्थ या अमेरिकन उपनगरातील ज्या गोदामात वॉल्ट लिंडक्विस्ट आपले चित्रपट तयार करी, त्याच्या बाहेरच्या दारावर पाटी नव्हती. आत मात्र एका दारावर होती: ‘नोंदी. अ. बेद्रोसियान. सोमवार ते शुक्रवार, नऊ ते पाच.’ ही पाटी अराक्सी बेद्रोसियानने स्वतः करवून घेतली होती. नटनट्यांच्या वयाचे आणि संमतीचे कागद तपासायला सरकारी निरीक्षक कचेरीच्या वेळेत, पूर्वसूचना न देता, केव्हाही येऊ शकत. आलेल्या माणसाला खोली शोधत हिंडावे लागू नये, असे तिला वाटे.

तिचे वय अठ्ठावन्न. त्यांपैकी सव्वीस वर्षे एका विमा कंपनीत नुकसानभरपाईचे अर्ज तपासण्यात गेलेली. ती कचेरी बंद पडली, पाठोपाठ नवरा हृंत गेला, आणि ‘काटेकोर नोंदी ठेवणारी व्यक्ती पाहिजे’ एवढ्याच मजकुराची जाहिरात वाचून ती इथे आली. व्हॅन नाइसच्या आर्मेनियन चर्चमध्ये ती रविवारी गायकवृंदात उभी राही. तिथल्या बायकांना तिने ‘चित्रपटांच्या कचेरीत असते’ असे सांगितले होते. ते खोटे नव्हते.

वॉल्टचे चित्रपट दोरखंडांचे, चाबकांचे आणि साखळ्यांचे होते. प्रौढ माणसे स्वखुशीने बांधून घेत, मार सोसत, आणि ते पाहण्यासाठी दुसरी प्रौढ माणसे वर्गणी भरत. पहिल्या आठवड्यात अराक्सीला मान वर करवेना. पण हळूहळू तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. हृंतने लग्नाआधी तिला जेवढे विचारले नव्हते, तेवढे हे लोक एक गाठ मारण्याआधी एकमेकांना विचारीत. काय चालेल, काय चालणार नाही, कोणता गुडघा दुखरा आहे, कोणता शब्द ऐकवत नाही, सगळे कागदावर येई. चित्रीकरणाआधी कॅमेऱ्यासमोर एक मुलाखत आणि नंतर पंधरा मिनिटांच्या आत दुसरी, अशी शिस्त तिनेच घालून दिली होती. कोणताही कागद दुसऱ्या दिवसावर राहिलेला तिला खपत नसे.

खेळात ‘नको, नको’ म्हणणे हा खेळाचाच भाग असे. थांबवण्यासाठी निराळा परवलीचा शब्द ठरलेला असे. आणि तोंडात बोळा असला, तर हातात लिंबाएवढा पोलादी गोळा दिला जाई. तो सोडला की सिमेंटच्या जमिनीवर खणकन वाजे, आणि असेल तिथे सगळे थांबे. सात वर्षांत तो अकरा वेळा वाजला होता. अकराही वेळा दोर सुटले होते. प्रत्येक वेळेची नोंद तिच्याकडे होती.

मे महिन्यात वर्गणीदारांच्या तक्रारी आल्या. छायाचित्रकाराच्या बुटांचा आवाज ऐकू येतो, त्यामुळे सगळे खोटे वाटते, असे त्यांचे म्हणणे. वॉल्टला ‘खोटे’ या शब्दाची भारी चीड. त्याने जाड काळ्या रबरी गाद्या मागवल्या आणि अख्ख्या जमिनीवर अंथरल्या. त्याच दिवशी कोरिन टॅडलॉक या तीस वर्षांच्या नटीचे चित्रीकरण होते. नेहमीप्रमाणे अराक्सी दाराशी तक्ता घेऊन उभी राहिली आणि एकेका कलमापुढे खूण करीत गेली. ‘गोळा हातात दिला: होय.’ गोळा कशावर पडेल, असे कलम त्या तक्त्यात नव्हते.

त्यानंतर अकराव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, दुसऱ्या दिवशी प्रदर्शित होणाऱ्या त्या चित्रपटाच्या नोंदी पडताळण्यासाठी ती मूळ चित्रण पाहत होती. चित्रीकरणात एक कॅमेरा मागच्या बाजूला नुसताच उभा करून ठेवलेला असे. त्याच्यामागे माणूस नसे. त्या कॅमेऱ्यात बाविसाव्या मिनिटाला कोरिनच्या पाठीमागे बांधलेल्या हातातून गोळा सुटला. रबरावर पडला, किंचित घरंगळला, थांबला. आवाज झाला नाही. पुढे उभ्या असलेल्या, दोर बांधणाऱ्या डेसमंडला तो दिसण्याचे कारणच नव्हते. त्याचा चाबूक चालूच राहिला. ठरलेला प्रसंग संपला तेव्हा बेचाळीस सेकंद उलटले होते.

अराक्सीने ते पुन्हा पाहिले. मग समोरच्या कॅमेऱ्यातले पाहिले. कोरिनचे डोळे त्या बेचाळीस सेकंदांत एकदा बाजूला वळले होते आणि तिथेच खिळून राहिले होते. संमती कागदावर असली तरी ती कोणत्याही क्षणी परत घेता येते, हे तिने स्वतः कित्येक नवख्यांना समजावले होते. गोळा सुटला त्या क्षणी संमती संपली होती. पुढचा भाग चित्रपट नव्हता. तो मारहाणीचा पुरावा होता, आणि तो उद्या दुपारी बारा वाजता वर्गणीदारांपुढे जाणार होता.

बाहेर अंगणात मोटार थांबल्याचा आवाज आला. तिने खिडकीची पट्टी बोटाने वाकवून पाहिले. राखाडी गाडी, पांढरा सदरा, हातात पाकीट. निरीक्षक आला, असे तिला वाटले. तो माणूस शेजारच्या गोदामात शिरला आणि तिथे छपरावरच्या सौर पट्ट्यांची माहिती सांगू लागला, तरी तिने ती पट्टी सोडली नाही.

वॉल्ट कॉफीचा पेला घेऊन आला. साठीचा, उंच, नेहमी हसरा.

“अराक्सी, भूत बघितलंस की काय? तोंड पांढरं पडलंय.”

तिने संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. त्याने उभ्या उभ्या पाहिले. हसू मावळले, पण पेला खाली ठेवण्याइतकेही तो गडबडला नाही.

“दहा वर्षांत असं काही हाती लागलं नव्हतं,” तो हलकेच म्हणाला. “मी म्हणतच होतो, हिच्या डोळ्यांत काहीतरी खरं उतरलंय.”

“खरं? वॉल्ट, ती थांबा म्हणत होती!”

“आणि नंतर कॅमेऱ्यासमोर काय म्हणाली? ‘सगळं ठरल्याप्रमाणे झालं.’ हसून म्हणाली. तुझ्याच नियमाप्रमाणे, पंधरा मिनिटांच्या आत.”

“पंधरा मिनिटांत माणूस भानावर तरी येतं का? तिला विचारायला हवं.”

“विचार की. म्हणजे ती वकील घेऊन येईल. डेसमंड आत जाईल. त्याला दोन पोरं आहेत.” त्याने आता पेला खाली ठेवला. “कुणाला काही दिसलेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. उगाच खाजवून खरूज काढू नकोस. मागच्या कॅमेऱ्यातलं ते पुसून टाक.”

“मूळ चित्रण कधी पुसायचं नाही, असा आपला नियम आहे.”

“तुझा नियम. आणि नियमांचंच काढतेस तर,” त्याने भिंतीवर टांगलेल्या त्या दिवसाच्या तक्त्याकडे बोट केले, “‘गोळा हातात दिला, होय.’ सही कुणाची? प्रत्येक चित्रपटाच्या सुरुवातीला नोंदींची जबाबदारी म्हणून नाव कुणाचं येतं? माझं? निरीक्षक आला तर कुणाच्या दारावर थाप मारेल?”

तो धमकीच्या सुरात बोलला नाही. जाताना त्याने तिच्या खांद्यावर हातही ठेवला. “पाच वाजेपर्यंत पूस, मग घरी जा. चार दिवस सुट्टी घे.”

अराक्सी खुर्चीवर बसून राहिली. तिच्या डोळ्यांपुढे काय काय आले! न्यायालय, वर्तमानपत्रातला फोटो, रविवारी गायकवृंदात तिच्या दोन्ही बाजूंच्या रिकाम्या जागा. पुसण्याची कळ दाबायला एक बोट पुरेसे होते. सव्वीस वर्षांत तिने खोटे अर्ज ओळखले होते, आणि खोटे अर्ज बहुधा दुष्ट माणसांचे नसत. भेदरलेल्या माणसांचे असत, हे तिला पक्के ठाऊक होते. एकदा तिने हात पुढे नेलाही. मग कपाटातून कोरी चकती काढली, ते चित्रण तिच्यावर उतरवले, तक्त्याची प्रत काढली, आणि कोरिनला फोन लावला. आकडे दोनदा चुकले.

दुपारी एक वाजता जवळच्या रिसीडामधल्या एका पॅनकेकच्या हॉटेलात दोघी भेटल्या. कोरिन दक्षिणेकडच्या लुइझियानाची, वडीलधाऱ्या बाईला नावाआधी ‘मिस’ लावल्यावाचून हाक मारायची नाही, हे तिच्या अंगवळणी पडलेले. आज तिने हाक मारली नाही. भिंतीला पाठ लावून, दार दिसेल अशा बेताने ती बसली होती. समोरच्या पॅनकेकना हातही लागला नव्हता.

“वॉल्टनं पाठवलं?”

“नाही. त्याला माहीत नाही.”

“मग कशाला आलात? मी सही केलीय. बोललेय सगळं कॅमेऱ्यासमोर. आणखी काय हवंय तुम्हाला?”

“कोरिन, गोळा पडला होता.”

कोरिनने तिच्याकडे असे पाहिले की अराक्सीला नजर खाली घ्यावीशी वाटली.

“हे तुम्ही मला सांगताय?”

“आम्हाला ऐकू आलं नाही. गाद्या त्या दिवशी नव्या होत्या. आवाजच झाला नाही. मी आज सकाळी पाहिलं.”

कोरिन बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“मला वाटलं, ऐकलंत. चौघं होतात खोलीत. मला वाटलं, चौघांनी ऐकलं आणि ठरवलं, चालू द्या. म्हटलं, आता हे कुठं थांबणार, देव जाणे. दोर सोडले तेव्हा माझ्या डोक्यात एकच, इथनं बाहेर पडायचं. म्हणून हसले. तुम्ही जे विचाराल त्याला हो म्हटलं असतं मी.” तिने पेला दोन्ही हातांनी घट्ट धरला. “अकरा दिवस मी दाराला आतून खुर्ची लावून झोपतेय, मिस अराक्सी. अन् तुम्ही तर दाराशीच उभ्या होतात. मी तुमच्याकडे बघितलं.”

पडद्यावर ते डोळे कुठे वळून खिळले होते, हे अराक्सीला आता कळले. त्या वेळी ती तक्त्यावरचे पुढचे कलम वाचीत होती.

“मी वर पाहिलं नाही,” ती म्हणाली. याहून अधिक सांगण्याजोगे तिच्यापाशी काही नव्हते. तिने पिशवीतून पाकीट काढून मेजावर ठेवले. “यात ते चित्रण आहे. तक्ताही आहे, माझ्या सहीचा. उद्या बाराला ते लोकांपुढे जायचंय. त्याआधी तुला जिथं न्यायचं असेल तिथं ने.”

“यात तुम्हीही अडकाल.”

“हो.”

“भीती नाही वाटत?”

“सकाळपासून पाण्याचा घोट उतरलेला नाही,” अराक्सी म्हणाली.

कोरिन पाकिटाकडे पाहत राहिली. उचलले मात्र नाही. “पाकीट काय, कुणीही देतं. गोड बोलून परत काढूनही घेतात. ऐकू आलं नाही, हे तरी कशावरून खरं मानू? वॉल्टला फोन लावा. इथं, माझ्यासमोर. मला ऐकू येईल असा.”

आजवर तिने वॉल्टला एका शब्दाने दुखावले नव्हते. हृंतच्या दफनाच्या दिवशी शवपेटीला खांदा द्यायला तो आपणहून आला होता. तिने फोन मेजाच्या मध्यावर ठेवला, नंबर लावला आणि ध्वनिक्षेपक सुरू केला. दुसऱ्याच घंटेला त्याने उचलला.

“अराक्सी! कुठं गेलीस न सांगता? पुसलंस का ते?”

कोरिनचा चेहरा ताठ झाला. अराक्सीने फोन तिच्या आणखी जवळ सरकवला.

“नाही पुसलं, वॉल्ट,” अराक्सी म्हणाली. “कोरिन इथंच बसली आहे. ती ऐकते आहे.”

पलीकडून गोदामातला मोठा पंखा तेवढा फिरत असलेला ऐकू येत होता. मग कोरिनने हात लांब केला, पाकीट आपल्याकडे ओढून मांडीवर ठेवले आणि फोनवर वाकली.

“वॉल्ट,” ती म्हणाली, “आता तू गप्प बसून ऐक. मी थांब म्हणेपर्यंत.”